हेन्सी, रॉन
(२४ मार्च १९८१ – ). अमेरिकन आइस हॉकीपटू, बचावफळीतील खेळाडू. नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) खेळाडू-निवडीत माँट्रियलने २००० मध्ये पहिल्या फेरीत निवडलेले हेन्सी २००५ मध्ये कोलंबसकडे गेले. पुढे अटलांटा, कॅरोलायना असे संघ बदलत राहिले. असा खेळाडू कुणालाच नको असतो, हा आक्षेप टिकत नाही. २०११ मध्ये तर अख्खा अटलांटा संघच विनिपेगला हलला, त्यात त्यांचा काय दोष? शिवाय नकोसा माणूस एनएचएलमध्ये अकराशेहून अधिक सामने खेळत नाही. गोलांपेक्षा प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे, वेगाने येणारा पक (खेळातील चकती) अंगावर घेणे हे त्यांचे काम, आणि ते गुणफलकावर ठळक दिसत नाही. ९०७ साखळी सामन्यांनंतर, २०१७ मध्ये, पिट्सबर्गकडून ते प्रथमच बाद फेरीत उतरले. इतकी प्रतीक्षा त्याआधी कुणाच्याही वाट्याला आली नव्हती. संघाचे बचावपटू क्रिस लेटांग जायबंदी असताना हेन्सी बाद फेरीतील सर्व २५ सामने खेळले आणि संघाने विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, टोरोंटोने त्यांना दोन वर्षांसाठी करारबद्ध केले.