ओझ्याचे भाडे

भुसावळ सोडून गाडी तापीचा पूल ओलांडते, रावेर मागे पडते आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. मात्र स्टेशनावर उतरलेला नवखा माणूस चहूकडे शहर शोधू लागतो, तेव्हा त्याला ते दिसत नाही. कारण तो बऱ्हाणपुरात उतरलेला नसून लालबागेत उतरलेला असतो. जुने शहर तेथून दोनतीन किलोमीटर दूर, तापीच्या काठी आहे. लालबाग ही मोगली अमदानीतील बाग. सन १६१५ च्या सुमारास जमिनीखालून पाणी खेळविणारा जो कुंडी भंडारा बांधला गेला, तोही याच बाजूस आहे. पुढे आगगाडी आली, ताप्ती मिल आली आणि बागेचे नाव वस्तीस मिळाले.

या स्टेशनावर एक काल्पनिक उतारूही उतरून गेला आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी कादंबरी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. तिचा नायक फिलिअस फॉग १८७२ च्या ऑक्टोबरात मुंबईहून कलकत्त्यास निघतो. गाडी दुपारी बऱ्हाणपुरास थांबते आणि त्याचा नोकर पासपार्तू तेथे खोट्या मोत्यांनी मढविलेल्या सपाता विकत घेतो. मला मात्र सपातांपेक्षा फॉगचे सामान अधिक लक्षात राहिले. साऱ्या पृथ्वीला वळसा घालण्यास निघालेल्या या गृहस्थाजवळ ट्रंक नाही, पेटी नाही. एक हातपिशवी, तीत दोन सदरे, तीन जोड मोजे आणि वीस हजार पौंडांच्या नोटा. वाटेत लागेल ते विकत घेऊ, हा त्याचा हिशेब. हलक्या सामानाने प्रवास कसा करावा, याचे हे उत्तम उदाहरण खरे. पण त्या पिशवीत नोटा होत्या, हे विसरून चालणार नाही.

आज विमानात पेटी चढविण्याचे निराळे पैसे द्यावे लागतात, म्हणून प्रवासी कुरकुर करतात आणि पूर्वी असे नव्हते असे म्हणतात. पूर्वी म्हणजे केव्हा, असे त्यांना विचारावेसे वाटते. सतराव्या शतकात सुरतेहून आग्ऱ्यास जाणारी एक मोठी वाट बऱ्हाणपुरावरून जात असे. तीवरून वारंवार गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने भाड्याचे तपशील व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहून ठेवले आहेत. माणसाला बसण्याच्या बैलगाडीचे भाडे दिवसाला साधारण एक रुपया. सुरत ते आग्रा हा प्रवास पस्तीस ते चाळीस दिवसांचा, म्हणून सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस रुपये. बैलाच्या पाठीवर तीनशे ते साडेतीनशे रत्तल ओझे. दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटत, असेही तो सांगतो. बऱ्हाणपुरात विणलेले झिरझिरीत कापड याच वाटेने इराण, तुर्कस्तान आणि कैरोपर्यंत जात असे.

परंतु भाडे म्हणजे खर्चाचा एक हिस्सा. खरा जाच होता तो राहदारीचा. दर घाटाला, दर नदीच्या उताराला, दर जहागिरीच्या वेशीला मालावर काही ना काही द्यावे लागे. औरंगजेबाने राज्यावर येताच राहदारी माफ केल्याचे फर्मान काढले. पण खाफीखान हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो की, जहागीरदारांनी ते मनावर घेतले नाही आणि वसुली चालूच राहिली. मग व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत 'अडोव्या' या नावाने येणारे मक्तेदार असत. ते मालाची वाहतूक आणि वाटेतले सारे कर मिळून एकच रक्कम ठरवून घेत आणि पुढची कटकट स्वतःच्या डोक्यावर घेत. धोक्याची भीती असेल तर सराफ बिमा उतरवीत. सुजानराय भंडारी याच्या १६९५ च्या फारसी ग्रंथात याचा उल्लेख आहे. म्हणजे सर्व खर्च एकाच आकड्यात मिळविणे आणि प्रत्येक खर्च सुटा मागणे, या दोन्ही रीती याच वाटेवर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी नांदत होत्या.

आणि प्रवासी त्याला तोंड कसे देत? आजच्यासारखेच. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला, तेव्हा आपल्या माणसांची झडती घेऊ देणार नाही, यावरून त्याने अधिकाऱ्यांशी कित्येक दिवस भांडण मांडले. राजदूताचे सामान हे सामान नव्हेच, अशी त्याची भूमिका. तेथून तो नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास पोहोचला आणि शाहजादा परवेझ याला भेटला. नजराण्यात त्याने मद्याच्या बाटल्यांची एक पेटी दिली होती. त्याच रात्री शाहजाद्याने ती इतक्या आवडीने चाखली की पुढची मुलाखत होऊच शकली नाही! राजदूत नसलेल्यांनी निराळे मार्ग काढले. ताव्हेर्निए सांगतो की, केसांचे टोप घालण्याची चाल होती तेव्हा काही इंग्रज सुरतेच्या जकातवाल्यांना चुकविण्यासाठी सोन्याच्या मोहोरा त्या टोपांच्या जाळ्यांत दडवून आणीत. विमानतळाच्या काट्यापुढे एकावर एक तीन सदरे आणि वर कोट चढवून, खिशांत चार्जर व पुस्तके कोंबून उभा राहिलेला तरुण पाहिला की मला हे टोप आठवतात.

आपल्या मराठी भाषेत या विषयाचा एक मोठा कडू शब्द आहे, 'बुणगे'. सन १७६० च्या वसंतात सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपूर-हंडियाच्या मार्गाने उत्तरेस गेली, तेव्हा तिच्याबरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा प्रचंड लवाजमा होता. हलक्या घोडदळाने मैदान मारणाऱ्या फौजेला हे ओझे पानिपतापर्यंत वाहावे लागले. तेथे त्याचे मोल रुपयांत द्यावे लागले नाही.

आगगाडीने हा सारा व्यवहारच बदलून टाकला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रस्ता १८६६ च्या सुमारास खांडव्यास पोहोचला आणि १८७० मध्ये जबलपुराशी जोडला गेला. चाळीस दिवसांची वाट दोन दिवसांची झाली. तांडे मागे पडले. रेल्वेने अंतराला दर लावला तसा वजनालाही लावला. तिकिटाबरोबर काही वजन फुकट, त्यापुढे काट्यावर जे भरेल त्याचे लगेज. ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली की तिच्यामागचा विचार आपण विसरलो. १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की, उतारूचे सामान रीतसर नोंदवून पावती दिली असेल, तरच ते हरविल्याची जबाबदारी रेल्वेवर. म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये सामान देऊन पावती घेणारा उतारू नुसत्या ओझ्याचे नव्हे, तर जबाबदारीचेही मोल देत होता. बाकाखाली पेटी सरकवून तिला साखळीने कुलूप घालणारा उतारू ती जबाबदारी स्वतःवर घेत होता. आपल्या लोकांनी बहुधा साखळीच पसंत केली.

त्यातूनच प्रवासाची एक कला निर्माण झाली. पाच माणसांच्या नावावर सात गाठोडी वाटून घ्यावीत, जड वळकटी म्हाताऱ्याच्या डोक्याखाली उशी म्हणून ठेवावी, पितळी भांड्यांचे पोते 'शेजारच्या काकांचे' म्हणून सांगावे. तिकीट-तपासनीस हे सगळे ओळखून असे आणि बहुतेक वेळा दुर्लक्षही करीत असे. लालबागेच्या फलाटावर हे दृश्य विशेष पाहावयास मिळते, कारण हे विणकरांचे गाव. येथून निघणारा माणूस पुष्कळदा घर हलवीत असतो किंवा माल पोहोचवीत असतो. हवा खाण्यासाठी निघालेला नसतो. वर पुन्हा पाहुण्यांकडे नेण्यासाठी मावा-जिलबीचे डबे आणि केळीचा घड असतोच.

येथे रेल्वेच्या नियमातील एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या उतारूस सत्तर किलो सामान फुकट, शयनयान वर्गाच्या उतारूस चाळीस आणि साध्या दुसऱ्या वर्गाच्या उतारूस पस्तीस. मर्यादेबाहेरचे सामान न नोंदविता नेताना कोणी सापडला, तर सहापट आकार. जास्त पैसे देणाऱ्यास जास्त सवलत, हा बाजाराचा न्याय मला समजतो. परंतु पहिल्या वर्गाचा उतारू आठवड्याने परत येणार असतो. त्याच्या पेटीत चार कपडे असतात. दुसऱ्या वर्गात संसार चढतो. ज्याचे ओझे मोठे त्याचीच सूट लहान, अशी ही उलटी तागडी आहे. ती आजवर टोचली नाही, कारण काटा क्वचितच वापरला जात असे. ऑगस्ट २०२५ मध्ये विमानतळाप्रमाणे काही स्टेशनांवर सामान तोलले जाणार, अशा बातम्या आल्या तेव्हा केवढा गहजब झाला! नवा नियम काही नाही, जुनाच आहे, असा खुलासा रेल्वेमंत्र्यांना करावा लागला. तो खराही होता. लोकांना भीती वाटली ती नियमाची नव्हे, तो पाळला जाण्याची.

विमानांनी प्रथम रेल्वेचीच रीत उचलली. काही किलो तिकिटात, पुढे किलोवर दर. ती मोडली गेली ती तेलाच्या भावामुळे. युरोपात फ्लायबी व रायनएअर यांनी २००६ मध्ये पेटीचे वेगळे पैसे घेण्यास प्रारंभ केला. जून २००८ मध्ये, तेल भडकलेले असताना, अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच पेटीवर पंधरा डॉलर लावले. मग एकामागून एक साऱ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या. तेल पुढे उतरले, आकार उतरला नाही. अमेरिकेतील कंपन्यांचे पेट्यांवरचे उत्पन्न २००७ मध्ये पन्नास कोटी डॉलरांहून कमी होते. २०२३ मध्ये ते सातशे कोटींवर गेले. तेथे तिकिटाच्या भाड्यावर साडेसात टक्के कर आहे, पेटीच्या आकारावर नाही, हेही एक कारण ध्यानात ठेवण्याजोगे. पेट्या फुकट नेण्याची जाहिरात वर्षानुवर्षे करणारी साउथवेस्ट कंपनीसुद्धा २८ मे २०२५ पासून त्या रांगेत बसली.

प्रवासी गप्प बसले नाहीत. त्यांनी पेट्या द्यावयाचे सोडून त्या हातात घेतल्या. डोक्यावरचे कप्पे भरून वाहू लागले आणि जागेसाठी आधी चढण्याची झुंबड उडाली. कंपन्यांनी मग आधी चढण्याचेही पैसे लावले, काहींनी तर हातातल्या पिशवीचेही. युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये असे ठरविले की, विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीचे पैसे निराळे घेण्यास हरकत नाही, पण हातातले वाजवी आकाराचे सामान प्रवासाचा अटळ भाग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने याच कारणावरून पाच कंपन्यांस एकूण १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. हिंदुस्थानात विमान-महासंचालनालयाने २०१६ मध्ये पंधरा ते वीस किलोंच्या दरम्यानच्या सामानास किलोमागे शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुढच्याच वर्षी रद्द केली. फेब्रुवारी २०२१ पासून तर पेटी न आणणाऱ्यास स्वस्त तिकीट देण्याचीही मोकळीक कंपन्यांना मिळाली.

या शेवटच्या गोष्टीत अन्याय आहे असे मला वाटत नाही. हात हलवीत जाणाऱ्याने दुसऱ्याच्या पेटीचे भाडे का भरावे? बऱ्हाणपूरच्या वाटेवरचा व्यापारी या सुट्या हिशेबाला हरकत घेता ना. फक्त मक्तेदाराशी सौदा ठरला की वाटेत त्याला पुन्हा कोणी हात पसरून अडवीत नसे. आज मात्र तिकीट घेताना एक रक्कम, आसन निवडताना दुसरी आणि काट्यापाशी, मागे रांग खोळंबलेली असताना, तिसरी. तेथे माणूस घासाघीस करीत नाही; तो मुकाट्याने पैसे देतो किंवा पेटी उघडून बसतो.

लालबागेहून मुंबईस आणि तेथून विमानाने दूर कामासाठी जाणाऱ्या माणसाला हे दोन्ही काटे एकाच दिवसात भेटतात. शयनयानात त्याला चाळीस किलो चालतात; विमान देशातल्या देशात जाणारे असेल तर बहुधा पोटात पंधरा आणि हातात सात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घरात वजनाचा स्प्रिंगकाटा मागून आणला जातो. पेटी त्याला अडकवून दोघे जण उचलतात, तिसरा आकडा वाचतो. मग एक एक वस्तू बाहेर येते. आधी पुस्तके, मग जाड चादर, मग लोणच्याची बरणी. चादर परत आत जाते. बरणी बाहेरच राहते, आणि आई ती कोणाशी काही न बोलता उचलून पुन्हा फडताळात ठेवते.