फिफ्थ-व्हील ट्रेलरचे स्थिरीकरण

फिफ्थ-व्हील ट्रेलरचे स्थिरीकरण म्हणजे मुक्कामासाठी उभ्या केलेल्या फिफ्थ-व्हील प्रकारच्या निवासी ट्रेलरची हालचाल कमी करण्याची प्रक्रिया होय. माणसे आत चालू लागली, कपडे धुण्याचे यंत्र सुरू झाले किंवा जोराचा वारा सुटला की असा ट्रेलर डोलतो. अमेरिका व कॅनडा येथे अनेक कुटुंबे अशा ट्रेलरमध्ये महिनोन्‌महिने राहतात. त्यामुळे हा विषय त्यांच्या आरामाशी आणि सुरक्षिततेशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी

घोडागाडीच्या पुढील आसावर, गाडी वळावी म्हणून, एक आडवे चक्र बसवलेले असे. चार चाकांव्यतिरिक्तचे हे 'पाचवे चाक' होय. त्यावरूनच या जोडणीला नाव मिळाले. आधुनिक रचनेत ट्रेलरच्या पुढील भागाखाली किंगपिन नावाची उभी पोलादी खुंटी असते. ती पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचमध्ये अडकते. भारतातील कंटेनरवाहू ट्रेलरही याच तत्त्वावर ओढले जातात. अमेरिकी विमान-उद्योजक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात 'एरोकार' या प्रवासी ट्रेलरसाठी अशी जोडणी वापरली होती.

हालचालीची कारणे

ट्रक जोडलेला असताना ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग किंगपिनवर येतो. ट्रक सोडल्यावर हा भार पुढील दोन आधारपायांवर जातो. उरलेला बहुतेक भार चाकांवर राहतो. टायरमधील हवा आणि आसावरील स्प्रिंग हे दोन्ही लवचीक असल्याने ट्रेलर पूर्णपणे घट्ट बसत नाही.

हालचाल मुख्यतः तीन प्रकारची असते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. शयनकक्ष बहुधा किंगपिनच्या वरच्या भागात असतो. हा भाग आधारपायांच्या पुढे अधांतरी असल्याने पलंगावरून कोणी उठले तरी तेथे हादरा जाणवतो. आधारपाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. त्या नळ्यांमधील फटीमुळेही ट्रेलरला थोडी मोकळीक मिळते.

स्थिरीकरणाच्या पद्धती

जागेची निवड व समतलन: कठीण व सपाट जमीन सर्वांत उपयुक्त ठरते. प्रथम डावी-उजवी बाजू पाणसळीने तपासून खोलगट बाजूच्या चाकांखाली फळ्या घालतात. हे काम ट्रक जोडलेला असतानाच करावे लागते. ट्रक सोडल्यानंतर आधारपाय वर-खाली करून पुढील-मागील बाजू समतल केली जाते.

चाकांना पाचर: अमेरिकी निवासी ट्रेलरना सहसा स्वतंत्र पार्किंग ब्रेक नसतो. म्हणून ट्रक सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून व मागून पाचर लावणे अत्यावश्यक मानले जाते. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये लगतच्या दोन टायरांमध्ये स्क्रूने फाकणारे अडसरही बसवतात. त्यामुळे पुढे-मागे होणारी हालचाल कमी होते. मात्र हे अडसर जमिनीवरील पाचरींना पर्याय नव्हेत.

आधारपायांखालील ठोकळे: पाय जितका लांब बाहेर काढावा तितका तो अधिक डुलतो. एका टोकाला घट्ट बसवलेल्या एकसारख्या खांबाची लांबी निम्मी केल्यास त्याचा वाकण्याला होणारा विरोध सिद्धांततः आठपट होतो. म्हणून पायाखाली रुंद व मजबूत ठोकळे ठेवून त्याचा बाहेर काढावा लागणारा भाग कमी करतात. ठोकळ्यांमुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि मऊ जमिनीत पाय रुतत नाही.

मागील जॅक: ट्रेलरच्या मागील कोपऱ्यांना स्थिरीकरण जॅक असतात. ते जमिनीला टेकल्यावर थोडे घट्ट करणे पुरेसे असते. हे जॅक ट्रेलर उचलण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांनी वजन उचलल्यास जॅक वाकतो किंवा सांगाड्यावर ताण येतो.

किंगपिनखालील तिवई: किंगपिनला खालून टेकू देणारी तीन पायांची तिवई अधांतरी भागातील वर-खाली होणारी हालचाल कमी करते. डाव्या-उजव्या हालचालीवर तिचा परिणाम मर्यादित असतो.

तिरकस आधार: आधारपाय व सांगाडा यांच्यात तिरक्या दांड्या बसवल्यास त्रिकोण तयार होतो. चौकोन दाबाने कलंडू शकतो. त्रिकोणाचा आकार मात्र बाजूंची लांबी न बदलता मोडत नाही. म्हणून आडव्या डोलण्यावर हा उपाय विशेष परिणामकारक ठरतो.

हायड्रॉलिक प्रणाली: काही ट्रेलरमध्ये चार किंवा सहा हायड्रॉलिक पाय बटण दाबताच समतलन करतात. चाकांवरील काही भार या पायांवर आल्याने टायर व स्प्रिंग यांचा लवचीकपणा कमी जाणवतो. मात्र चाके जमिनीवरून पूर्ण उचलली गेल्यास पाचरींचा उपयोग उरत नाही.

सुरक्षितता

केवळ जॅक किंवा तिवईच्या आधारावर असलेल्या ट्रेलरखाली शिरणे धोक्याचे असते. पावसानंतर जमीन खचू शकते. त्यामुळे दीर्घ मुक्कामात समतलता व जॅकचा घट्टपणा वेळोवेळी तपासावा लागतो. बाहेर सरकणाऱ्या खोल्या उघडल्यावर भाराची वाटणी बदलते. त्या समतलनानंतर उघडाव्यात की स्थिरीकरण पूर्ण झाल्यावर, याबाबत निर्मात्याची सूचना प्रमाण मानली जाते.

निघताना हाच क्रम उलट्या दिशेने पाळतात. मागील जॅक, तिवई व टायरांमधील अडसर आधी काढले जातात. ट्रक जोडून हिचचे कुलूप तपासल्यावर आधारपाय वर घेतले जातात आणि चाकांच्या पाचरी सर्वांत शेवटी काढल्या जातात.

मर्यादा

चाके व स्प्रिंग यांवर उभे असलेले घर पायावर बांधलेल्या घराइतके निश्चल होऊ शकत नाही. कोणताही एक उपाय तिन्ही दिशांच्या हालचालीवर सारखा लागू पडत नाही. त्यामुळे कोणती हालचाल अधिक जाणवते हे आधी पाहून त्यानुसार उपायांची सांगड घालणे योग्य ठरते.