निघोज–टाकळी हाजीचे रांजणखळगे: कुकडी नदीत हे 'कुंड' तयार कसे झाले?

शिरूरपासून साधारण 25 किलोमीटरवर कुकडी नदीचे पात्र अचानक आक्रसते. एरवी शेतांमधून संथ वाहणारी नदी इथे काळ्या कातळातल्या अरुंद घळीत शिरते. या कातळात रांजणासारखे गोल, खोल आणि आतून गुळगुळीत असे असंख्य खड्डे आहेत. परिसरातले लोक या जागेला 'कुंड' म्हणतात, तर भूगोलात त्यांना रांजणखळगे म्हणतात.

रील्समध्ये ही जागा बहुतेक वेळा 'निघोजचे कुंड' म्हणून दिसते. निघोज हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातले गाव. पण इथे नदी हीच हद्द आहे आणि दुसरा काठ पुणे जिल्ह्यातल्या टाकळी हाजीचा, म्हणजे शिरूर तालुक्याचा आहे. त्यामुळे अर्धे श्रेय शिरूरकरांनी हक्काने मागावे! दोन्ही काठांवर मळगंगा देवीचे मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेला मोठी गर्दी होते. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यासाठी झुलता पूल आहे, आणि घळ वरून पाहायची तर तीच सर्वांत चांगली जागा.

खडकाला रांजण कोणी पाडले?

हा खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा. सह्याद्री आणि दख्खनचे पठार याच खडकाचे बनले आहे. लाव्हा थंड होताना त्यात भेगा पडल्या, वायूचे बुडबुडे अडकून भोके राहिली. फार नंतर त्यावरून नदी वाहू लागली.

पुढचे काम गोट्यांनी केले. पुराच्या पाण्यासोबत आलेले दगडगोटे खडकातल्या एखाद्या लहान खाचेत अडकतात. पाण्याचा भोवरा त्यांना तिथल्या तिथे गरगर फिरवतो. जात्यात दाणे भरडावेत तसा खडक झिजत जातो, फरक इतकाच की इथे गोटाही झिजतो आणि जातेही. झिजलेल्या गोट्याची जागा पुढच्या पुरात नवा गोटा घेतो. असे हजारो पावसाळे गेले की खाचेचा रांजण होतो. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की ते एक होतात. कुंडातली नागमोडी घळ अशाच फुटलेल्या रांजणांची आहे. पाणी कमी असताना खळग्यांच्या तळाशी हे गोल गोटे आजही दिसतात. आठवण म्हणून ते उचलून नेणे म्हणजे कारागिराची हत्यारेच पळवणे.

दक्षिण आफ्रिकेतले 'बर्क्स लक' खळगेही असेच तयार झाले आहेत. तिथे त्यांच्याभोवती पायवाटा आणि पूल बांधून पर्यटनस्थळ उभे राहिले. 'आशियातले सर्वांत मोठे रांजणखळगे' असा मजकूर निघोजबद्दल नेहमी फिरतो. मोठे म्हणजे संख्येने, खोलीने की लांबीने, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

पाणी शांत दिसते तेव्हा

ज्या गुळगुळीतपणामुळे फोटो सुंदर येतो, तोच इथला खरा धोका आहे. खळग्याच्या भिंती सरळ, कधी आत वळलेल्या असतात. त्यांना हाताची पकड मिळत नाही. काही खळगे पाण्याखाली एकमेकांना जोडलेले असतात. पट्टीचा पोहणाराही आत पडला तर त्याला बाहेर यायला काठ सापडत नाही. त्यात वरच्या बाजूला येडगाव धरण आहे. कुंडावर कडक ऊन असले तरी जुन्नरच्या डोंगरात पाऊस झाला किंवा धरणातून नदीत पाणी सोडले तर घळ भरू शकते. शेवाळलेल्या कडेवर उभे राहून सेल्फी काढू नये आणि पाण्यात उतरू नये. मुलांचा हात तर सोडूच नये.

पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात पाणी उतरलेले असते. खळगे नीट पाहायला हाच काळ बरा, कारण उन्हाळ्यात दुपारी कातळ पायाला चटके देतो.

नाणेघाटाजवळ कुकडेश्वरला उगम पावणारी कुकडी कुंडातून पुढे जाऊन घोड नदीला मिळते. शिरूर शहर याच घोडच्या काठी वसले, म्हणून त्याचे जुने नाव घोडनदी. डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलेले ताम्रपाषाणयुगीन इनामगावही घोडच्याच काठावर आहे. ही नदी दौंड तालुक्याच्या सीमेवर भीमेला मिळते, आणि कुंडातले गोटे फिरवून आलेले पाणी उजनीत जाते.