‘प्रवासी मोटार’ या संज्ञेची व्याप्ती आणि अमेरिकेची तेलाची गरज

राष्ट्राला किती खनिज तेल काढावे लागेल, हा प्रश्न सामान्यतः भूगर्भशास्त्राचा व अर्थशास्त्राचा मानला जातो. तथापि या गरजेचा मोठा भाग त्या राष्ट्रातील वाहने किती तेल जाळतात यावर अवलंबून असतो; आणि जेथे वाहनांची कार्यक्षमता कायद्याने ठरते, तेथे कायद्यातील संज्ञांची व्याख्याही तेलाच्या हिशेबात धरावी लागते. अमेरिकेचा १९७५ नंतरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकेचे खनिज तेलाचे उत्पादन १९७० मध्ये दररोज सुमारे ९६ लक्ष पिंपांवर पोचले व पुढे उतरणीस लागले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तिला होणारी तेलाची निर्यात रोखली आणि काही महिन्यांतच जागतिक भाव सुमारे चौपट झाले. या संकटास काँग्रेसने दोन उत्तरे दिली. पहिले उत्पादनाचे : अलास्काच्या तेलवाहिनीस नोव्हेंबर १९७३ मध्ये संमती मिळाली आणि जून १९७७ मध्ये तीतून तेल वाहू लागले. दुसरे काटकसरीचे : अध्यक्ष फोर्ड यांनी २२ डिसेंबर १९७५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या नव्या प्रवासी मोटारींची सरासरी १९७८ साली गॅलनला १८ मैल व १९८५ साली २७.५ मैल असावी, असे बंधन घातले. १९७४ च्या सुमारास ती १४ मैलांच्या आसपास होती.

१९७७ मध्ये देशाच्या तेलाच्या खपात निव्वळ आयातीचा वाटा सुमारे ४७ टक्के होता. १९८५ मध्ये तो सुमारे २७ टक्क्यांवर आला. याचे सर्व श्रेय मोटारींस देणे सयुक्तिक नव्हे. अलास्काचे तेल, १९७९ नंतरची भाववाढ आणि वीजनिर्मितीत तेलाऐवजी कोळशाचा वापर, ही कारणेही तितकीच बलवत्तर होती. परंतु काटकसरीचा त्यात भाग होता, हे निर्विवाद.

पुढे ही काटकसर का टिकली नाही, याचे एक कारण कायद्याच्या शब्दांत सापडते. मुख्यतः दहापर्यंत माणसे वाहून नेण्यासाठी बनविलेले वाहन ते ‘प्रवासी मोटार’. रस्ता सोडून चालू शकणारी वाहने तीतून वगळली होती. उरलेल्या वाहनांचा ‘हलका मालट्रक’ हा वेगळा वर्ग झाला व त्यास सौम्य मर्यादा मिळाली. १९७५ मध्ये या वर्गाचा नव्या वाहनांतील वाटा सुमारे एकपंचमांश होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो निम्म्याच्या घरात गेला. शेतकरी अथवा कारागीर वाढले म्हणून हे घडले नाही. कुटुंबे ज्या वाहनांतून बाजारास व शाळेस जात, तीच आता कायद्याच्या भाषेत मालट्रक ठरली होती. २००० मध्ये बाजारात आलेली पी. टी. क्रूझर ही चारचाकी दिसण्यात मोटारच. पण मागची आसने काढून सपाट तळ करता येतो, म्हणून तीही याच वर्गात गणली गेली.

१९९६ ते २००४ या काळात हलक्या मालट्रकांची मर्यादा २०.७ मैल होती. वर्षाला १२,००० मैल चालणाऱ्या वाहनास २७.५ मैलांच्या हिशेबाने ४३६ गॅलन लागतात, २०.७ च्या हिशेबाने ५८०. प्रत्येक वाहनामागील हा १४४ गॅलनांचा फरक नावातून उत्पन्न झालेला आहे.

२००५ मध्ये निव्वळ आयातीचा वाटा सुमारे ६० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी अलास्कातील वन्यजीव-अभयारण्यात तेलविहिरी खोदाव्यात की नाहीत, यावर सिनेटमध्ये तीव्र वाद झाला. राष्ट्राची गरज ही जणू दिलेली राशी, आणि प्रश्न केवळ ती कोठून भागवावी एवढाच, असे वादाचे स्वरूप होते. व्याख्येत दुरुस्ती झाली ती पुढे : २०११ च्या नमुन्यांपासून केवळ दोन चाकांना गती देणाऱ्या अनेक लहान एस. यू. व्ही. गाड्या प्रवासी मोटारींत आल्या. २०१८ मध्ये शेल खडकांतील तेलामुळे वार्षिक उत्पादनाने १९७० चा उच्चांक ओलांडला. आणि जुलै २०२५ च्या कायद्याने कार्यक्षमतेच्या नियमभंगाचा दंड शून्यावर आणला.

विहिरीतून निघालेले पिंप सांख्यिकीत नोंदले जाते; न जाळलेल्या पिंपास तेथे रकाना नसतो. म्हणून तेलाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने उत्पादनाच्या कोष्टकांबरोबर कायद्यातील व्याख्याही वाचणे अगत्याचे आहे.