पितळी वाद्यांची यात्रा

ऐकताय ना? हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त इकडं असू द्या.

गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात रस्त्यावरून वरात निघाली. म्हणजे वरात कसली, डीजेची गाडी. भांडी थरथरायला लागली. एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या लग्नात बँड होता. ते लांब नळीचं पितळी वाद्य आपलं का हो, का इंग्रजांचं?" कुणालाच नीट सांगता येईना. मलाही नाही. मग मी शोधत बसले, आणि शोधता शोधता लई लांब जाऊन आले. ते आज सांगते.

यात्रा म्हटलं की आपल्याला माळेगाव आठवतं. खंडोबाची पालखी, घोडे, उंट, गाढवं, घोंगड्या आणि रात्री लावणी. १९७८ साली मुंबईत एक यात्रा भरली, तिच्यात ना देव होता ना पालखी. नाव होतं 'जॅझ यात्रा'. धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं, तिथं ती भरली. निरंजन झवेरी नावाच्या एका जॅझवेड्या माणसानं ती उभी केली. पुढं दर दोन वर्षांनी ती भरत राहिली. पहिल्या यात्रेला अमेरिकेहून सॉनी रोलिन्स आले. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत जगातलं मोठं नाव. त्याआधी दहाएक वर्षं ते पवईच्या आश्रमात योग शिकायला येऊन राहिले होते, म्हणजे मुंबई त्यांना नवी नव्हती.

आता जॅझ म्हणजे काय? आपल्या ओळखीनं सांगते. लावणी रंगात आली की ढोलकीवाला कसा चालीच्या आत राहून मनाचं वाजवतो? ठेका सुटत नाही, पण हात मोकळा असतो. जॅझमध्ये सगळेच असं वाजवतात. जुन्या धाटणीच्या जॅझमध्ये ट्रंपेट चाल धरतं, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेल चढावी तसं फिरतं, ट्रॉम्बोन खालून आधार देतं. सगळे एकदम, आणि पुष्कळ वेळा समोर कागद नाही. तरी गोंधळ होत नाही, कारण एकमेकांचं ऐकत वाजवतात.

हे जन्मलं अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात. तिथं गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकेची माणसं रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत जमायची, नाचायची, ढोल वाजवायची. गुलामी कायद्यानं संपली १८६५ साली. पुढं त्यांच्या मुला-नातवांच्या हातात लष्करी बँडची पितळी वाद्यं आली. लग्नाला बँड, मिरवणुकीला बँड, मयतीला सुद्धा बँड. दफनाला नेताना संथ, रडवणारं वाजवायचं. माती देऊन परतताना मात्र नाचायला लावणारं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं. मग आठवलं, आपल्याकडंही म्हातारं माणूस गेलं की हलगी लावून, भजन म्हणत नेतात की.

तिथं बडी बोल्डेन नावाचा एक काळा वाजंत्री होता. त्याचा आवाज चार गल्ल्या पलीकडं जायचा असं सांगतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि तो तिथंच राहिला, तिथंच गेला. त्याची एकही तबकडी नाही. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, आणि ती निघाली गोऱ्या वादकांच्या बँडची. पीक एकानं काढायचं आणि पावती दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार.

आणि बायका? शोधत होते तेच. लिल हार्डिन नावाची एक बाई १८९८ साली जन्मली. पियानो वाजवायची. किंग ऑलिव्हरच्या नावाजलेल्या बँडमध्ये १९२३ साली सगळ्या बाप्यांत ती एकटी बाई. त्याच बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँग नावाचा लाजरा पोरगा दुय्यम कॉर्नेट वाजवायचा. गरीब घरातला, पोरपणी सुधारगृहात वाद्य शिकलेला. १९२४ साली दोघांचं लग्न झालं. लिलनं त्याच्या मागं लागून लागून त्याला त्या बँडमधून बाहेर काढलं. "दुसऱ्याच्या मागं किती दिवस उभा राहणार?" हा तिचा धोशा. पुढं लुई जगभर गाजला. त्याच्या सुरुवातीच्या नावाजलेल्या तबकड्यांत पियानोवर लिलच आहे, त्यातल्या काही चालीही तिच्याच. संसार टिकला नाही, १९३८ साली घटस्फोट झाला. १९७१ च्या जुलैत लुई वारला. ऑगस्टमध्ये त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमात लिल पियानोवर बसली, आणि वाजवता वाजवताच कोसळून गेली. मी हे वाचलं त्या दिवशी भाकरी करपली माझी.

लुईच्या गावात, न्यू ऑर्लिन्सला, १९७० साली मोठा जॅझ उत्सव सुरू झाला तो त्याच काँगो स्क्वेअरमध्ये. पहिल्या वर्षी ऐकायला आलेले साधारण साडेतीनशे, आणि वाजवणारे त्याच्या दुप्पट! युरेका ब्रास बँड मिरवणुकीनं वाजवत चालला होता. महालिया जॅक्सन तिथं होत्या. देवाची गाणी गाणारी त्याच शहरात जन्मलेली थोर बाई. त्यांच्या हातात माइक दिला आणि त्या बँडबरोबर गाऊ लागल्या. दिंडीत एखादी आजी टाळ वाजता वाजता अभंग उचलते ना, तसं.

आता मुंबई. जॅझ तिथं यात्रेच्या किती तरी आधी आला होता. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे काळे व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. ज्या हॉटेलात वाजवायचं तिथं अमेरिकेत त्यांना खोली मिळत नसे, मागच्या दारानं आत जावं लागे. इथं जरा मान होता. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड नावाचे पियानोवाले आले. ते इकडंच रमले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं गेले.

यांच्याकडं बघून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि कागदावरची सुरावट शिकवायचे. शेतीत भागेना, मग ही माणसं वाद्य घेऊन मुंबई गाठायची, लष्कराच्या आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये लागायची. धोबी तलावाला गावागावाच्या खोल्या होत्या, त्यांना 'कूड' म्हणत. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली आपली पोरं चार-सहा मिळून एक खोली करतात, तसंच. त्यातलेच एक आंतोनियो शाविएर वाझ, गाव आल्दोना. लोक त्यांना म्हणत चिक चॉकलेट. ट्रंपेट असं वाजवायचे की भारताचे आर्मस्ट्राँग हे नाव पडलं. खुद्द आर्मस्ट्राँगही १९६४ साली मुंबईत येऊन वाजवून गेले.

रात्री हॉटेल आणि दिवसा सिनेमा. 'अलबेला' आठवतो? १९५१ चा. भगवानदादांचा तो खांदे हलवत, पाय जागच्या जागी ठेवून केलेला नाच, जो गणपतीत आजही आपले काका-मामा करतात. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्या गाण्यांत ट्रंपेट उसळतं ते चिक चॉकलेटच्या बँडचं. पडद्यावर सुद्धा ते दिसतात. पण तबकडीवर नाव कुणाचं? संगीतकाराचं, गाणाऱ्याचं. वाजवणाऱ्यांचं नाही. कुणी सुरावट लिहून काढली, कुणी पन्नास वादकांना एकत्र बांधलं, काही नाही. अँथनी गोन्साल्विस नावाचे व्हायोलिनचे गुरुजी होते. १९७७ साली त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या एका गाण्यात गुरुजींचं नाव आलं आणि घराघरांत गेलं. तरी लोकांना ते पडद्यावरच्या नायकाचंच नाव वाटलं.

गोव्याची लॉर्ना कॉर्डेरोही याच हॉटेलांत गायली. अजून पोरगी होती तेव्हा मुंबई तिच्या आवाजावर वेडी होती. मग वीसेक वर्षं ती गायलीच नाही. १९९५ साली परत उभी राहिली तेव्हा गोव्यात तिला ऐकायला लोटलेली गर्दी आवरेना.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. ते पितळी वाद्य इंग्रजांच्या पलटणीबरोबर आलं. मेरठला जाली कोठी भागात नादिर अली कंपनीनं पुढं ती वाद्यं इथंच घडवायला घेतली. तिथून ती देशभरच्या लग्नांत शिरली. आणि फुंकली कुणी? ज्यांच्या घरात आधीच सनई आणि हलगी होती त्यांनी. आपल्याकडं बहुतेक मातंग समाजानं. ज्यांच्याशिवाय देवाची पालखी हलत नव्हती, लग्न लागत नव्हतं, त्यांचीच पंगत शेवटी आणि वेगळी. मी लहानपणी माझ्याच मावशीच्या लग्नात हे पाहिलंय. बँडवाले लाल कोट काढून, घडी करून, मांडवाबाहेर पत्रावळी घेऊन बसले होते. मी आईला विचारलं तर आई म्हणाली, "गप जेव." मी गप जेवले.

हे सगळं डोक्यात घेऊन मागच्या आठवड्यात एका जुन्या क्लॅरिनेटवाल्या काकांकडं गेले. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या भागातल्या वराती वाजवल्या. डीजे आला, बँड मोडला, आता शेळ्या राखतात. काकूंनी पेटीतून कोट काढून दाखवला. बटणं दर हंगामाला त्यांनीच शिवायची, पितळ चिंचेनं घासायचं ते त्यांनीच. क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलेलं होतं, पत्ती तुटलेली.

मी मोबाइलवर लुई आर्मस्ट्राँगची जुनी तबकडी लावली. काका डोळे मिटून ऐकत राहिले, बोटं गुडघ्यावर हलत होती. ट्रंपेटला मान डोलावली. मग एकदम डोळे उघडले.

"हे मागं पेटीवानी वाजतंय, ते कोण वाजवतंय?"

"लिल म्हणून बाई आहे काका," मी म्हटलं.

"बाई?" काकूंनी वर पाहिलं.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.