उचल

‘यंदा किती उचल घेतली?’ दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात हा प्रश्न पारावर, चहाच्या टपरीवर, सोयरिकीच्या बैठकीत कुणीही कुणाला विचारतं. उत्तराच्या आकड्यावरून बाकीचं आपोआप कळतं : मुकादम कोण, बैल नवे घेतले का, पोरीचं लग्न उरकलं का. उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून अंगावर घेतलेली रक्कम. आगाऊ पैशांसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. विसार आहे, बयाणा आहे, पेशगीही आहे. पण शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यात उचलच रुजली. तिची कुळी शोधायला गेलं की आधी ओझ्याचं सगळं खानदान भेटतं.

या खानदानातलं थोरलं घर ओझ्याचं. संस्कृतातल्या ‘वह्’ धातूचं हे घराणं. वाहणे, वाहन आणि विवाहसुद्धा याच घरातले. हिंदीतला बोझ ओझ्याचा सख्खा भाऊ, आणि त्याच वाटेने आपल्याकडे बोजा आला. दोघांनी मराठीत कामं मात्र वाटून घेतली. ओझं डोक्यावर असतं, बोजा सातबाऱ्यावर. ओझं बांधावर टेकवून घटकाभर श्वास घेता येतो. इतर हक्काच्या रकान्यात चढलेला बोजा उतरवायचा, तर बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याच्या मागे फिरावं लागतं. शेजारचं घर ‘भृ’ धातूचं : भार, भारा, भारी आणि आभार. वीज जायला लागली तेव्हा सरकारने याच घरातून ‘भारनियमन’ हा शब्द घडवला. परळीचं औष्णिक वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या खेड्यांनीही तो शब्द अंधारातच पाठ केला.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि दबलेपणाचे पुष्कळ शब्द दरबारी फारसीतून आले. ‘जेर’ म्हणजे खाली. घोड्याच्या छातीखालून जाणारा पट्टा तो जेरबंद. माणूस जेरीस येतो तो याच शब्दाने. बेजार तिकडचाच. तगाईचं मूळ अरबीत बळ देण्याच्या अर्थाचं. दुष्काळात सरकार शेतकऱ्याला तगाई द्यायचं, मग वसुलीला कारकून यायचा आणि बळ मिळालेला माणूस जेरीस यायचा. वेठ मात्र या सगळ्यांहून जुनी. ती संस्कृत ‘विष्टि’, बिनमोलाची सक्तीची मेहनत. फारसी बिगार तिला येऊन मिळाली आणि वेठबिगार हा जोडशब्द झाला. एकाच अर्थाचे दोन शब्द, दोन राजवटींचे, आणि राबणारा तोच.

तरी ओझ्याची सर्वांत नेमकी भाषा बैलगाडीची आहे. गाडीत माल मागे जास्त पडला की ती उलाळ होते : मागची बाजू खाली बसते, पुढचं जू वर उचललं जातं आणि जोत्याने बैलाचा गळा आवळतो. पुढे जास्त पडला तर सगळं वजन मानेवर. म्हणून ऊस रचणारा जाणता गडी बुडखे कुठल्या बाजूला आणि शेंडे कुठल्या बाजूला टाकायचे हे बघून थर लावतो, आणि गाडी भरताना अधूनमधून साटीला हात लावून तोल पाहतो. एवढं करूनही जुवाखाली कातडं सोलवटलं की ‘खांदा आला’ म्हणतात. मग तो बैल दोन-चार दिवस जुंपायचा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. ओझं वाहणाऱ्या अवयवासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवणारी ही रीत मला आपल्या सगळ्या सणांत जास्त शहाणपणाची वाटते.

माणसाच्या खांद्यासाठी असा दिवस नाही. तिथे चुंबळ आहे : जुन्या लुगड्याची चिंधी पिळून केलेली चकती, डोकं आणि मोळी यांच्यामध्ये ठेवायची. उसाची मोळी साधारण ३० ते ४० किलोची. फडातून ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढत वर टाकायची. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, वाहते. या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. मोजणी माणसांची नाही, हत्याराची.

आता उचल. ‘उद्’ आणि ‘चल्’ मिळून झालेलं उचलणं हे सरळ क्रियापद. वर घेणं, हलवणं. दुसऱ्याचं हलवलं की उचलेगिरी, आणि ती करणारा उचल्या. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचं हेच नाव आहे. ते शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. पैशाच्या अर्थाने हा शब्द गोदाम आणि खतावणी यांच्या भाषेत वावरतो. रेशन दुकानदार धान्याची उचल करतो, सोसायटीचा सभासद कर्जाची उचल करतो. कुणीतरी साठवून ठेवलेलं असतं, दुसरा त्यातून आपला वाटा उचलतो, एवढाच अर्थ.

साखर कारखानदारीने या शब्दाचे दोन तुकडे केले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचं गाळप १९५० च्या सुमारास सुरू झालं आणि पुढे कारखान्यांची रांग लागली. बागायती भागात ऊस वाढला, तोडणारे हात कोरडवाहू भागातून यायला लागले. १९७२ च्या दुष्काळाने बीडची वाट पक्की केली. तेव्हापासून एकाच कारखान्याच्या हिशेबात दोन उचली दिसतात. ऊस उत्पादक आंदोलन करतो ते ‘पहिली उचल’ किती म्हणून. ती त्याच्याच उसाची किंमत, पहिला हप्ता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. आणि तोडणाऱ्याची उचल? ते कर्ज. शब्द तोच, पण उसाचा मालक उचलतो तेव्हा त्याचं येणं उतरतं आणि तोडणारा उचलतो तेव्हा देणं चढतं. म्हणून बीडमध्ये उचलीबरोबर ‘अंगावर’ हा शब्द जोडूनच येतो. उचल घेतली की पैसे अंगावर, फिटले नाहीत तर बाकी अंगावर, आणि ती बाकी घेऊनच पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच मुकादम.

हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे ३६६ च्या आसपास गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला (हे पक्क्या, न थकणाऱ्या जोडीचं काम झालं) आणि हंगाम १२० दिवस चालला, तर ८७,८४० रुपये होतात. एक लाखाची उचल असेल तर बारा हजारांहून जास्त बाकी अंगावर. यात आजारपण धरलेलं नाही. दोन टन म्हणजे ३५ किलोच्या सत्तावन्न मोळ्या, रोज.

आजारपण धरायचं तर खाडा हा शब्द लागतो. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो. मजुरी बुडते ती वेगळी, वर दंड. या खाड्याच्या धाकाने जे घडलं ते २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बायका त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. पाळी नको, दुखणं नको, खाडा नको. शरीरातला एक अवयवही ओझ्याच्या यादीत गेला होता.

हल्ली कॉलेजातली पोरं ‘लोड घेऊ नको’ म्हणतात. इंग्रजीतला लोड मालवाहू गाड्यांच्या ‘ओव्हरलोड’मधून आणि जळालेल्या डीपीवरून गावात शिरला आणि मनापर्यंत पोचला. या शब्दात एक सोय आहे, लोड घ्यायचा की नाही हे निदान बोलण्यापुरतं आपल्या हातात राहतं. उचलीच्या भाषेत ती सोय नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, गाड्या गावाकडे वळल्या, तरी हिशेबाची वही मुकादमाकडेच.

जुंपलेल्या जनावरांसाठी आपल्याकडे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. बैलजोडीने किती किलो ओढायचं ते त्यात गाडीच्या चाकांप्रमाणे लिहिलेलं आहे. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. पहाटे अंधारात फडात उतरणारा आणि रात्री गाडी भरून देणारा कोयता यातल्या तासांच्या दोन्ही अटी एका दिवसात मोडतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याणकारी महामंडळ झालं आहे. मोळी किती किलोची आणि दिवस किती तासांचा, हे त्याने बैलांच्या नियमांइतक्या स्पष्ट आकड्यांत लिहून काढावं. आणि उचलीचा करार छापील असावा, ज्यात बाकी कशी मोजली ते अंगठा उठवणाऱ्याला वाचून दाखवलेलं असेल.

पाटोद्यात, केजला, गेवराईला मराठी शिकणाऱ्या कितीतरी मुलांचे आईबाप कोयते आहेत. त्यांना एक सांगणं : खाडा, पट्टा, चुंबळ, बाकी, अंगावर, हे शब्द घरी विचारून अर्थासकट लिहून घ्या. आणि लिहिताना समोर त्या वर्षीच्या उचलीचा आकडाही टाका.