विल्यम्स, टेड

विल्यम्स, टेड : (३० ऑगस्ट १९१८ – ५ जुलै २००२). विख्यात अमेरिकन बेसबॉलपटू. संपूर्ण नाव थिओडोर सॅम्युएल विल्यम्स. १९३९ ते १९६० या काळात तो मेजर लीगमध्ये केवळ बॉस्टन रेड सॉक्स या एकाच संघाकडून खेळला. तो डावखुरा फलंदाज होता आणि क्षेत्ररक्षण लेफ्ट फील्डला करीत असे. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ फलंदाजांत त्याची गणना होते. वृत्तपत्रे आणि प्रेक्षक यांच्याशी त्याचे वारंवार खटके उडाले. मात्र बॉबी डोअर, जॉनी पेस्की आणि डॉम डिमॅजिओ या तीन संघसहकाऱ्यांशी जडलेली मैत्री त्याने मरेपर्यंत जपली.

त्याचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो येथे झाला. मेक्सिकन वंशाची त्याची आई साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या कामात दिवसभर गुंतलेली असे. घराकडे लक्ष देणारे फारसे कोणी नसल्याने टेडचे बालपण मैदानावरच गेले. १९३६ मध्ये तो सॅन डिएगो पाड्रेस या संघात दाखल झाला. तेथे त्याच्यापेक्षा अवघ्या काही महिन्यांनी मोठा असलेला डोअर सेकंड बेसवर खेळत होता. रेड सॉक्सचे महाव्यवस्थापक एडी कॉलिन्स हे डोअरची पारख करण्यासाठी आले आणि त्यांची नजर या उंच, सडपातळ पोरावरही पडली. १९३८ चा हंगाम मिनीॲपोलिसच्या संघात काढून १९३९ मध्ये विल्यम्स बॉस्टनला आला. पहिल्याच हंगामात त्याने ३१ होम रन काढले आणि फटक्यांच्या जोरावर संघाला १४५ धावा मिळवून दिल्या. संघाच्या कपड्यांची व सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या जॉनी ऑर्लँडोने त्याला ठेवलेले ‘द किड’ हे नाव कायमचे चिकटले.

बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी क्रिकेटपेक्षा वेगळ्या रीतीने काढतात. फलंदाजाला मिळालेल्या अधिकृत संधींपैकी किती वेळा तो फटका मारून सुरक्षितपणे बेसवर पोचला, याचे ते प्रमाण असते. .३०० सरासरी उत्तम समजली जाते. १९४१ च्या हंगामाचा अखेरचा दिवस उजाडला तेव्हा विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. नोंदपुस्तकात ती .४०० अशीच धरली गेली असती, म्हणून व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली. ती त्याने नाकारली. आदल्या रात्री तो ऑर्लँडोला बरोबर घेऊन फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर बराच वेळ भटकत राहिला. २८ सप्टेंबर रोजी झालेल्या दोन सामन्यांत त्याने ८ पैकी ६ संधी सार्थकी लावल्या आणि सरासरी .४०६ वर नेली. अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगमध्ये त्यानंतर आजवर कोणालाही एका हंगामात .४०० चा टप्पा गाठता आलेला नाही. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान लागोपाठ ५६ सामन्यांत फटके मारणाऱ्या न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओला मिळाला. विल्यम्सने तो मान पुढे १९४६ व १९४९ मध्ये मिळवला. सरासरी, होम रन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत अव्वल राहण्याचा ‘ट्रिपल क्राउन’ त्याने १९४२ व १९४७ असा दोनदा पटकावला.

जोचा धाकटा भाऊ डॉम १९४० मध्ये रेड सॉक्समध्ये आला. चष्मा लावणारा, बेताच्या उंचीचा आणि मितभाषी डॉम ‘लिटल प्रोफेसर’ म्हणून ओळखला जाई. सेंटर फील्डला त्याची धाव एवढी मोठी होती, की शेजारच्या विल्यम्सचा बराच भार हलका होई. १९४२ मध्ये पेस्की शॉर्टस्टॉपच्या जागी आला. क्रोएशियन स्थलांतरितांच्या घरात जन्मलेला पेस्की ओरेगन राज्यातील पोर्टलंडमध्ये लहानपणी तेथील संघाच्या खोलीत पडेल ते काम करीत असे. पदार्पणाच्याच हंगामात त्याने २०५ फटके नोंदवले. अशा रीतीने पश्चिम किनाऱ्यावर वाढलेले हे चार तरुण देशाच्या दुसऱ्या टोकाला एकत्र आले. महायुद्धामुळे पडलेला खंड वगळता ते १९४२ आणि १९४६ ते १९५१ असे सात हंगाम एका संघात होते.

चौघांचे स्वभाव अगदी भिन्न होते. विल्यम्स मोठ्या आवाजात बोले, क्षणात संतापे आणि शिव्यांची लाखोली वाही. डोअर शांत आणि सोशिक होता. फलंदाजीच्या शास्त्रावरून या दोघांत जन्मभर वाद चालला. पिचर उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्यामुळे चेंडू किंचित खाली येतो. म्हणून बॅटही थोडी वरच्या दिशेने फिरली पाहिजे, असे विल्यम्सचे म्हणणे. बॅट सपाटच फिरवावी, असे डोअरचे मत. म्हातारपणी ओरेगनच्या रोग नदीवर मासेमारी करतानाही या दोघांतला गुरू कोण, हा प्रश्न विल्यम्सच्या लेखी निकालात निघालेलाच असे.

दुसऱ्या महायुद्धात विल्यम्स व पेस्की यांनी नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाला एकत्रच सुरुवात केली. विल्यम्स निष्णात वैमानिक व प्रशिक्षक बनला. पेस्कीला विमान चालवणे साधले नाही आणि त्याला दुसरी कामगिरी मिळाली. पुढे कोरियन युद्धात विल्यम्सला पुन्हा बोलावण्यात आले. त्याने ३९ लढाऊ उड्डाणे केली, त्यांतील काही पुढे अंतराळवीर झालेल्या जॉन ग्लेनच्या जोडीने. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळीबाराने पेटलेले विमान त्याने चाके न उघडताच धावपट्टीवर उतरवले आणि तो बचावला. दोन युद्धांत मिळून ऐन उमेदीची जवळपास पाच वर्षे खर्ची पडली.

१९४६ मध्ये रेड सॉक्सने अमेरिकन लीग जिंकली. पण वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुई कार्डिनल्सकडून सातव्या सामन्यात संघ हरला. विल्यम्सला त्या मालिकेत २५ पैकी ५ च फटके जमले. निर्णायक सामन्यात डॉमने बरोबरी साधून देणारा फटका मारला, पण धावताना त्याचा पाय दुखावला आणि त्याला बाहेर जावे लागले. लगेच ईनॉस स्लॉटरने पहिल्या बेसवरून थेट होम बेसपर्यंत धाव घेऊन विजयी धाव मिळवली. पेस्कीने चेंडू क्षणभर हातात रोखून धरला, असा ठपका त्याच्यावर आला. सहकाऱ्यांनी त्याला कधी दोष दिला नाही; पेस्कीने मात्र तो निमूटपणे स्वतःच्या शिरावर घेतला. डॉम मैदानावर असता तर आपण ते धाडस केले नसते, असे स्लॉटरनेच पुढे सांगितले.

२८ सप्टेंबर १९६० रोजी फेनवे पार्कवर कारकिर्दीतील अखेरच्या संधीला विल्यम्सने ५२१ वा होम रन मारला; पण टोपी काढून प्रेक्षकांना अभिवादन केले नाही. ते त्याने १९९१ मध्ये आपल्या गौरवदिनी केले. त्याची एकूण सरासरी .३४४ असून बेसवर पोचण्याचे .४८२ हे त्याचे प्रमाण मेजर लीगमध्ये सर्वोच्च आहे. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश करतानाच्या भाषणात त्याने सॅचेल पेज व जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूंनाही तेथे स्थान मिळावे, असे जाहीरपणे सुचवले. १९५९ मध्ये रेड सॉक्समध्ये आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, पम्प्सी ग्रीनला, सामन्यापूर्वीच्या सरावासाठी तो आपल्याबरोबर घेत असे. कर्करोगग्रस्त मुलांसाठी असलेल्या बॉस्टनच्या जिमी फंडाचा तो खंदा पुरस्कर्ता होता. माय टर्न ॲट बॅट हे आत्मकथन आणि द सायन्स ऑफ हिटिंग हे फलंदाजीवरील पुस्तक त्याने जॉन अंडरवुड यांच्या सहकार्याने लिहिले.

अखेरच्या वर्षांत पक्षाघात व हृदयविकाराने विल्यम्स खचला. डॉम त्याला नेमाने दूरध्वनी करी. ऑक्टोबर २००१ मध्ये ऐंशी ओलांडलेले डॉम आणि पेस्की एका मित्रासह मॅसॅचूसेट्सहून मोटारीने फ्लॉरिडात त्याला भेटायला गेले. पत्नी आजारी असल्याने डोअरला जाता आले नाही. जुन्या सामन्यांच्या आठवणी निघाल्या आणि डॉमने विल्यम्सला गाणे म्हणून दाखवले. या प्रवासाच्या आधारे डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांनी द टीममेट्स (२००३) हे पुस्तक लिहिले. विल्यम्सचे निधन फ्लॉरिडातील इनव्हर्नेस येथे झाले. बेसबॉलच्या नोंदींत त्याचे स्थान आकड्यांनी ठरले. माणूस म्हणून त्याची ओळख मुख्यतः या तिघांनी सांगितलेल्या आठवणींतून टिकली.

चौघांपैकी एकालाही खेळाडू म्हणून वर्ल्ड सिरीज जिंकता आली नाही. पेस्की मार्गदर्शक म्हणून संघाबरोबर राहिला आणि २००४ चे विजेतेपद त्याने पाहिले. फेनवे पार्कबाहेर २०१० मध्ये चौघांचा एकत्रित पुतळा उभारण्यात आला. डॉम २००९ मध्ये, पेस्की २०१२ मध्ये आणि डोअर २०१७ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी मरण पावला.